ठकू माळिणीचा हिरवा घोळ

"राजवाड्यापुढची हिरवळ वाळलीच कशी?" रणधीरराजे गरजले आणि त्यांनी गोंदा माळ्याला कोठडीत टाकलं. पाऊस नाही, विहिरी आटलेल्या. होतं नव्हतं ते पाणी दिवाणजींनी राजवाड्याच्या हौदात भरून घेतलेलं, आणि हौदात महाराजांचा लाडका हत्ती डुंबतोय! पण दोष कुणाचा? दिवाणजींच्या मते अर्थातच माळ्याचा!

गोंदाची बायको ठकू धावत दरबारात आली.

"सरकार, माझ्या धन्याला सोडा! पाण्यावाचून गवत जगेल कसं?"

"आमचे व्याही येणार आहेत. तोवर अंगण हिरवंगार कर, मग सुटेल तो. हौदाचं पाणी मात्र मागू नकोस. हत्तीला उन्हाळा सोसत नाही."

"खरंय सरकार. माणसांचं काय, त्यांना सवय असते!"

दिवाण त्र्यंबकपंतांनी डोळे वटारले. "याद राख! अंगणात जरा जरी घोळ दिसला, तर नवराबायको दोघंही हद्दपार!"

ठकूला हसू फुटलं. तिनं ते पदराआड दडवलं.

तिनं रानातून टोपलीभर कोवळ्या फांद्या खुडून आणल्या, अंगण उकरून त्यात दाबल्या आणि घरची भांडी विसळलेलं पाणी शिंपडलं. फांद्या रुजल्यावर तेही बंद! नुसते शेंडे खुडत राहिली, म्हणजे रोप उंच न जाता जमिनीलगत पसरतं.

"हिला पाणी नको होय गं?" दिवाणजींनी विचारलं.

"नको. जाड पानांत आपापला साठा असतो. जास्त पाजलं तर कुजते. ती काय दरबारी आहे, कितीही पाजलं तरी तहानलेलीच राहायला?"

दिवाणजी खो खो हसले. टोमणा घरी गेल्यावर कळला.

व्याही आले, तेव्हा अंगणभर हिरवा गालिचा आणि त्यावर पिवळी फुलं! राजांनी मिशीला पीळ दिला. तेवढ्यात विहीणबाई वाकल्या.

"अगंबाई, ही तर घोळ! ताकातली भाजी काय झकास होते हिची!"

"घोळ!" दिवाणजी टुणकन उठले. "महाराज, अंगणभर घोळ! करा दोघांना हद्दपार!"

ठकूची जीभ काही अडखळली नाही.

"जरूर करा सरकार! पण घोळासाठी हद्दपारी असेल, तर सुरुवात दिवाणजींपासून करा. गाव तहानलेलं, हत्ती हौदात आणि माळी कोठडीत, हा घोळ कुणी घातला? त्यांचे घोळ गावाला निस्तरावे लागतात. माझा घोळ निदान फोडणी देऊन खाता तरी येतो!"

व्याह्यांना ठसका लागला. राजांनी ओठ दाबून पाहिलं, पण पोट काही ऐकेना. ते गदागदा हसू लागले.

"सोडा गोंदाला! ठकूला सोन्याचं कडं द्या! हत्तीला हौदातून बाहेर काढा, गावाला पाणी भरू द्या. आणि हो, दिवाणजींच्या ताटात आजपासून रोज घोळीचीच भाजी वाढा!"