केवडी आणि न उघडणारा चाकू

डोंगर तेव्हा आजच्याइतके उंच नव्हते. नुसते बसून बसून पुढे वाढले. अशाच एका बुटक्या डोंगराच्या पायथ्याशी, गवताने शाकारलेल्या झोपडीत एक मुलगी राहायची. नाव केवडी, आणि असेल केवढी? एवढीशी! तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की त्यातला मूळचा परकर कुठला हे त्या परकरालाही आठवत नव्हतं. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. होते फक्त धाकू आजोबा, आणि आजोबांच्या खिशातला एक छोटासा चाकू.

चाकू म्हणजे काय, तर अंगठ्याएवढं पातं. मिटलं की लाकडी मुठीत गुडूप! पण त्या पात्याने आजोबा पांगाऱ्याच्या मऊ, पांढऱ्या लाकडातून पाखरं बाहेर काढायचे. "पाखरू आत असतंच गं," ते म्हणायचे, "मी नुसतं त्याच्या अंगावरचं लाकूड बाजूला करतो." त्यांनी केलेला खंड्या एकदा रंग वाळायला ओढ्याकाठी ठेवला, तर घाबरून मासे तीन दिवस वर आले नाहीत. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

पाखरं बाजारात जायची आणि घरात तांदूळ यायचे. फक्त दर होळीला एक पाखरू विकायचं नाही, दारावरच्या वाशाला टांगायचं, असा आजोबांचा नेम होता. केवडी जन्मली त्या वर्षापासून तिथे सात पाखरं ओळीने झुलत होती. आठव्याची जागा मात्र रिकामी होती. आठवा होता पोपट, तो चोचीवाचून फळीवर पडला होता. का, ते जगात एकट्या केवडीला ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागच्या होळीच्या आधी, दुपारचे आजोबा झोपले होते. घरात अर्धा नारळ होता आणि केवडीच्या पोटात भूक होती. तिने हळूच आजोबांच्या खिशातला चाकू काढला, करवंटी आणि खोबरं यांच्या फटीत टोक घातलं आणि दाबलं. कट्! पात्याचं टोक मोडलं. खोबरं निघालं नाही ते नाहीच. केवडीने चाकू मिटला आणि परत खिशात ठेवला. 'उठले की सांगते,' तिने ठरवलं.

आजोबा उठले. पोपटाची चोच तेवढी राहिली होती, म्हणून त्यांनी चाकू उघडला. मोडलं टोक पाहिलं. मग किती तरी वेळ ते आपल्या हातांकडेच बघत राहिले.

"सकाळी जोरात दाबला असणार मी," ते म्हणाले. "हात म्हातारे झाले, केवडे. आता थांबावं."

केवडीने तोंड उघडलं. आणि मिटलं. 'उद्या सांगते.' पण उद्या उजाडला तो आपला आणखी एक उद्या घेऊन. असं करता करता वर्ष गेलं. पेज पातळ होत गेली, इतकी की वाटीच्या तळाचं फूल दिसायचं. आजोबा ओटीवर बसून राहायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दडवून, जणू त्या हातांनीच काही चोरलं होतं.

पुन्हा होळी आली. केवडी काजूची पिवळी-लाल बोंडं टोपलीत घेऊन बाजारात गेली. चाकूवाल्याने हसून मान हलवली. "बोंडांवर चाकू नाही गं मिळत, बाय. पैसे घेऊन ये."

परत येताना ती रानातल्या पांगाऱ्याखाली बसली आणि रडू लागली. पांगारा लालेलाल फुलला होता, फांदीफांदीवर जणू निखाऱ्यांचे तुरे.

"रडतेस तर रड," पायापाशी कुणीतरी म्हणालं, करडाच्या गळ्यातलं घुंगरू वाजावं तसं. "पण माझ्या अंगावर नको. आधीच माझे पंख फाटलेत!"

केवडीने खाली पाहिलं. अंगठ्याएवढी परी! पांगाऱ्याच्या पाकळीचं लाल लाल लुगडं, केसांत दवाचे चिमुकले थेंब, आणि पाठीवर लाकडाच्या पातळ, कुरळ्या ढलप्यांचे पंख. पण पंखांना भोकंच भोकं.

"मी ढलपुली," परी म्हणाली. "तुझे आजोबा तासायचे त्या ढलप्या तू इथे आणून टाकायचीस ना, त्याच शिवून मी पंख करते. वर्ष झालं, नवी ढलपी नाही! उडता येत नाही, पोटात काही नाही. त्या टोपलीत काय आहे?"

केवडीने आजोबांसाठी बाजूला ठेवलेलं सगळ्यात लाल, सगळ्यात रसाळ बोंड तिच्यापुढे धरलं. परीने ते अख्खं खाल्लं. स्वतःहून दहापट मोठं बोंड! कुठे गेलं ते मला विचारू नका.

"गोड होतं," ढलपुली तोंड पुसत म्हणाली. "माग. एकच इच्छा, आणि किंमत मी सांगेन ती."

"आजोबांना चाकू हवा. लाकूड तासायला. मला परवडेल असा."

परीने टाळी वाजवली. समोरच्या दगडावर झळझळ करत तीन चाकू उतरले.

"हातात नाही देणार हं. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं. तूच उचल. आणि डोळ्यांनी निवडू नकोस, मुठीने निवड."

पहिला सोन्याचा. मुठीवर पाचूचे मोर, आत बारा पाती, कात्री, चमचा आणि एक घडीची छत्रीसुद्धा! पण मूठ इतकी फुगली होती की केवडीची बोटं तिच्याभोवती पुरेनात, आणि लाकडाला लावताच सोन्याचं पातं मेणासारखं वाकलं.

"याला तुझी सगळी गाणी द्यावी लागतील," परी म्हणाली.

दुसरा चांदीचा, मासोळीसारखा लांब, लखलखीत. पण उघडला की पातं लटलट हले. लाकडावरून घसरलं ते थेट केवडीच्या अंगठ्यापाशी येऊन थांबलं.

"याला तुझं हसू."

तिसरा काळ्या लोखंडाचा. साधी लाकडी मूठ, रंगसुद्धा नाही. केवडीने उचलला, तर पिल्लू घरट्यात बसावं तसा मुठीत बसला. परीने त्याला हळूच टिचकी मारली. एकुलतं एक आखूड पातं उघडलं, न हलता उभं राहिलं, वाळक्या फांदीवरून सुर्रकन फिरलं आणि पुन्हा मिटलं. मोगऱ्याच्या पाकळीएवढी ढलपी हवेत तरंगली.

"आणि याला?" केवडीने श्वास रोखून विचारलं.

"एक गोष्ट. कुणाला न सांगितलेली."

"एवढंच? पलीकडच्या काकूंची कोंबडी आमच्या माळ्यावर अंडी घालते!"

"ती नव्हे गं," ढलपुली हळू आवाजात म्हणाली. "वर्षभर गिळून ठेवलीस ती. आणि मला नाही, ज्यांना सांगायची त्यांनाच. तोवर पातं उघडायचं नाही."

केवडीचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांत स्वस्त वाटला, तोच परवडेना! तिने मोरांकडे पाहिलं, मासोळीकडे पाहिलं. मग काळा चाकू परकरात बांधला आणि घरची वाट धरली.

ओटीवर आजोबांसमोर तिने चाकू जमिनीवर ठेवला. "तुमच्यासाठी."

आजोबांचे हात मांड्यांखालून बाहेर आले. वर्षाने! त्यांनी मूठ कुरवाळली, तोलून पाहिली. "वा! कुठला गं हा? मूठ कशी माझ्यासाठीच केल्यासारखी." पात्याच्या खाचेत त्यांनी नख घातलं. पातं हललं नाही. पुन्हा घातलं. नख वाकलं, कपाळावर घाम आला. आजोबांनी चाकू हलकेच खाली ठेवला.

"बघ. साधं पातंसुद्धा नाही उघडत माझ्याच्याने. गेलेच गं हे हात."

ते हात पुन्हा मांड्यांखाली जायला लागले, आणि केवडीने ते धरले.

"नाही गेले! आजोबा, तो चाकू तुम्ही नाही मोडलात. मी मोडला. खोबरं काढताना. तेही निघालं नाही. आणि गुपचूप तुमच्या खिशात ठेवला. हात चांगलेच होते तुमचे."

टक्! जमिनीवरचा चाकू आपोआप उघडला.

आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते तळहात उलटेसुलटे करून बघत होते, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसांकडे बघावं तसे. "चांगले होते?" ते पुटपुटले. "आणि मी वर्षभर यांच्याशी बोललो नाही."

"तुम्ही रागवाल म्हणून..."

"रागावलोच असतो. दोन दिवस. खोबरंही निघालं नाही म्हणून फार तर तिसरा. तीन दिवसांचा राग होता, केवडे. त्याचं वर्ष केलंस?"

केवडीने उघडा चाकू जमिनीवरूनच त्यांच्यापुढे सरकवला.

आजोबांनी फळीवरचा पोपट उतरवला. पण वर्षभर बसून राहिलेली बोटं आता खरोखरच आखडली होती. पातं नेमकं लागेना. केवडीने मूठ धरली, आजोबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून चोच काढली. वाकडी झाली. पोपट कुणाला तरी वेडावत असल्यासारखा दिसू लागला, आणि आजोबा इतके हसले की वाशावरची सातही पाखरं झुलली.

ढलप्या गळत होत्या, पांढऱ्या, दुधी, कुरळ्या कुरळ्या. आणि केवडीच्या टोपलीत बसून आलेली ढलपुली उंबऱ्यावर त्या भराभर शिवत होती.

"ढलपुली," केवडी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "मागचं वर्ष परत दे ना."

परीचा हात थांबला. "ढलप्यांचे पंख करता येतात मला, राणी. त्या परत लाकडाला चिकटवता नाही येत." तिने नवे पंख पसरले. "पण गोष्ट सांगितलीस. तुझ्या पात्याची धार आता कधी जाणार नाही."

झोपडीभर सोनेरी उजेड झाला, प्रत्येक ढलपी काजव्यासारखी चमचमली, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

त्या संध्याकाळी केवडी पोपट घेऊन आठव्या जागेशी उभी राहिली. आजोबांनी तो अलगद काढून घेतला आणि एक जागा सोडून पुढे टांगला. "हा यंदाचा," ते म्हणाले.

पुढे घरात तांदूळ आले, पेज घट्ट झाली. केवडीच्या हाताखालून एवढी पाखरं निघाली की रानातले कावळे त्यांच्यात सोयरीक शोधायला यायचे. गावातली मुलं तासायला शिकायला यायची, आणि प्रत्येक जण कधी ना कधी वाशाकडे बोट दाखवून विचारायचा, "केवडीआत्या, इथलं पाखरू कुठे गेलं?"

तेव्हा केवडीआत्या चाकू मिटायची आणि खोबऱ्यापासून सगळं सांगायची. एकही शब्द न गाळता. सांगून झालं, की मगच पुन्हा चाकू उघडायची.