येसू उठली नाही

देवीच्या कामात बाईनं ‘का’ विचारायचं नाही, हा आमच्या कोळीवाड्याचा नियम. आणि गंमत बघा, तो शिकवणारेच आम्हाला येसूची गोष्टही सांगतात!

फार फार मागची ही येसू, झावळ्यांच्या घरांच्या काळातली. ओहोटी लागली की ती खडपावर, किनाऱ्याच्या खडकांत, कालवं फोडायला जायची. दर जत्रेला देवीला कवड्यांची नवी माळ लागे, तीही चकचकीत. लाटेनं वाळूत टाकलेली कवडी विटलेली असते. चमक असते जिवंत कवडीला. म्हणून बायकांनी उथळ पाण्यातून कवड्या वेचायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या, आणि माळ मिरवायची मानकऱ्यांनी.

एका वर्षी दगडाखालची एक कवडी येसूच्या हाताला लागली. एरवी शिवलं की कवडी दगड सोडते. ही सोडेना. येसूनं वाकून पाहिलं, तर बोटभर जीव तो, अंड्यांच्या पुंजक्यावर घट्ट बसला होता.

येसूनं मग दुसऱ्या कवडीलाही हात लावला नाही, रिकामी टोपली घेऊन परतली.

“एवढ्याशा किड्यासाठी देवीचा गला रिकामा ठेवतंस?” मानकरी ओरडला.

“ती बालंतीन हाय. मी नाय उठवनार तिला.”

मग पुरुषच टोपल्या घेऊन निघाले. येसू त्यांच्याआधी पोचली आणि त्या दगडावर बसली. भरती लागली. पाणी कमरेला आलं, गळ्याला आलं. “ऊठ!” सगळे ओरडत राहिले. टोपल्या खाली ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. येसू उठली नाही.

ओहोटीला तिथं कवडीच्या पाठीसारखा गुळगुळीत, ठिपकेदार खडक होता, असं म्हणतात. देवीच्या गळ्यातली माळ त्याच दिवशी काळी पडली, असंही म्हणतात. येसूला पाण्यात कुणी बसवलं, हे मात्र कुणीच म्हणत नाही.

तेव्हापासून येसूच्या नावानं देवीला वाळूतल्या विटक्या कवड्यांचीच माळ घालतात. बसलेल्या बाळंतिणीला आमच्याकडे कुणी ‘ऊठ’ म्हणत नाही.

यंदा देवळाला नवा रंग लागला. फोटोत माळ मळकी दिसते, म्हणून जत्रेच्या बैठकीत मानकरी भिकाजीआबांनी माझ्यापुढं टोपली सरकवली. “शिकलेली पोर ना तू? नीट निवडून ताज्या आन.”

“आणि येसू, आबा?”

“ती गोष्ट हाय गो. नियम ठाव हाय ना?”

मी टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसले.

“का?” मी विचारलं.

“ऊठ!” आबा ओरडले.

तो शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला असावा. त्यांनी टोपलीकडं पुढं केलेला हात मागं घेतला.