गुहेची किल्ली आणि कोरं पाणी

“...मग किल्ली द्यायला हरकत कोणती, महाराज?”

यशोधरने पुन्हा तेच विचारलं.

भवानगिरी महाराज गुहेच्या उंबऱ्यावर बसले होते. पाठीमागे कुलूप घातलेलं दार, हातात माळ. सातपुड्यातली मार्गशीर्षाची पहाट. बोलायला तोंड उघडलं की वाफ निघत होती.

गडावरच्या त्या मठाची एक रीत होती. ज्या शिष्याची तयारी झाली असं महाराजांना वाटे, त्याला ऐन थंडीत या गुहेत एकांत मिळे. दार बाहेरून बंद. दिवसातून एकदा झरोक्यातून दूधभाकरी. आत उजेड नाही, बोलणं नाही. होळीच्या आधी दार उघडलं की बाहेर येणारा शिष्य मठाचा पुढचा वारस समजला जाई.

यशोधर पूर्वी धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. नोकरी सोडून गडावर आला, त्याला काही वर्षं झाली होती. त्याला सगळं आधीच कळलेलं असायचं. हा त्याचा जुना आजार, आणि त्यावर अजून कुठल्याही डॉक्टरने गोळी काढलेली नाही.

“तयारी झाली म्हणतोस?”

“झाली. भूक गेली. राग गेला. नाडी इतकी मंद चालते की बोटाला लागत नाही. भाद्रपदात आई गेली, पण मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता सोडायचं काय राहिलं?”

महाराजांनी माळ थांबवली.

“वैशाखात आम्ही सगळे अंगणात उघडे झोपत होतो. तू घोंगडी पांघरून बसायचास. तेही वैराग्यच का?”

यशोधरने अंगावरची घोंगडी आणखी आवळून घेतली. आज त्याने दोन पांघरल्या होत्या.

“जपाला बसलास की भिंतीला टेकून डोळे मिटतोस.”

“ती समाधी लागते, महाराज.”

“घोरणारी?”

एरवी हे ऐकून यशोधरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या असत्या. आज चेहऱ्यावर काही उमटलं नाही, आणि त्याचाही त्याला मनातून अभिमान वाटला.

महाराजांनी कफनीतून एक कागद काढला. दसऱ्यानंतर पायथ्याच्या गावात डॉक्टर पावराबाईंनी तपासणीचं शिबिर भरवलं होतं. मठातल्या सगळ्यांनी रक्त दिलं होतं. बाकीच्यांचे रिपोर्ट बाईंनी कुणाच्या तरी हाती वर पाठवून दिले. यशोधरचा घेऊन मात्र त्या काल स्वतः गड चढून आल्या, आणि महाराजांशी दार लोटून बराच वेळ बोलून गेल्या.

“मला कशाला दाखवता?” यशोधर म्हणाला. “टीएसएच वाढलाय, हेच ना? मी इथे आलो तेव्हा तो थोडासाच वर होता. आता साठाच्याही पुढे असेल. थायरॉइडची ग्रंथी मंद आहे म्हणत होते डॉक्टर. मंद ग्रंथीचा आकडा असा चढतो? साधनेने ती जोमाने कामाला लागलीय. म्हणून तर गोळ्या बंद केल्या मी.”



महाराजांनी मान वळवून खाली गोठ्याकडे पाहिलं. तिथे झिपरू गाईची धार काढत होता. मठातला सगळ्यांत म्हातारा माणूस, कानाने पार गेलेला.

“झिपरू,” महाराजांनी हाक मारली.

झिपरूची पाठ हलली नाही.

“झिपरू!”

काही नाही.

“झिपरूऽऽ!”

झाडावरचे पोपट फडफडत उडाले. महाराजांना ठसका लागला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तरी त्यांनी आणखी एकदा आवाज चढवला. झिपरू आपला शांतपणे धार काढत होता.

यशोधरला राहवेना. “ओरडून काय उपयोग, महाराज? त्याला ऐकू जात नाही.”

“पण माझा आवाज किती चढला, बघ.”

“तो उठत नाही म्हणूनच तर चढला. तो उठला असता तर...”

यशोधर मध्येच थांबला.

महाराजांनी कागद त्याच्या हातात दिला. “बाई म्हणाल्या, टीएसएच ग्रंथीचा नव्हेच. डोक्यातून तिला मारलेली हाक आहे ती. ग्रंथीचं स्वतःचं काम खालच्या ओळीत दिसतं. टी-फोर. वाच.”

यशोधरने वाचलं. खालचा आकडा तळाला गेला होता.

पण हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि ते कुठल्या तपासणीत सापडतही नाही.

“मग गोळी घेत होतो तेव्हाही आकडा का चढत होता? मी एक दिवस चुकवला नाही.”

“कशासोबत घ्यायचास?”

“नैवेद्याच्या दुधासोबत. नैवेद्याच्या दुधाआधी तोंडात काही घालायचं नाही. पाण्याचा थेंबही नाही.”

“हा नियम कुणाचा?”

“मठाचा.”

“मठात घातला कुणी?”

“...तुम्ही.”

महाराजांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत यशोधरने तो असा उतरलेला पाहिला नव्हता.

“बाईंनी मला तेच विचारलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “ती गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, नुसत्या पाण्यासोबत. नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. दुधात घेतली की अंगी लागत नाही. मी त्यांना ठासून सांगितलं, आमच्याकडे सगळं शिस्तीत असतं...”



शेजारी पूजेच्या पाण्याचा तांब्या होता. महाराजांनी तो उचलला, तळहातावर पाणी ओतलं आणि पिऊन टाकलं. नैवेद्याआधी. यशोधर बघतच राहिला. तापाने फणफणलेले असतानाही महाराजांनी हा नियम मोडला नव्हता.

त्यांनी कफनीतून बाईंनी दिलेली गोळ्यांची डबी काढून तांब्याशेजारी ठेवली.

“घे.”

“नाही.”

“घे म्हणतो.”

“तुम्ही माझ्यासाठी नियम मोडलात, मी मोडणार नाही. नियम मोडूनच जगायचं होतं, तर धुळ्यात काय वाईट होतं? किल्ली द्या, महाराज. नाहीतर मी कुलूप तोडतो.”

हे तो रागाने बोलला नाही. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत बोलला. म्हणूनच ते ऐकताना जास्त भीती वाटत होती.

महाराज उठले. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार आत लोटलं. गुहेतून गार, कुबट हवा बाहेर आली.

मग त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाजूला टाकली आणि ते उंबऱ्यावर आडवे झाले. डोकं चौकटीच्या एका बाजूशी, पाय दुसऱ्या बाजूशी.

“दार उघडं आहे. जा.”

“महाराज...”

“बाई म्हणाल्या, असल्या अंगाने थंडीत, अंधारात कोंडून घेतलंस तर झोपशील. पुन्हा उठशील याची खात्री नाही. तुला आतून उचलून आणायचं बळ माझ्यात नाही. जायचं तर मला ओलांड आणि जा.”

त्या मठात गुरूच्या सावलीवरही कुणी पाय देत नसे.

यशोधरने पाय उचलला. तो जमिनीपासून वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. श्रद्धेने थांबला की जडपणाने, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

खाली दगडावर म्हातारं शरीर काकडायला लागलं होतं. दातावर दात आपटत होते. ओठ काळेनिळे पडत चालले होते. महाराज त्याच्याकडे बघत नव्हते, वर छताकडे बघत होते.

यशोधर बघत होता. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून वाट बघत होता. पोटात कालवेल, हात पुढे होईल, निदान लाज तरी वाटेल...

काहीच वाटलं नाही.

ज्याच्यासाठी घर सोडलं तो माणूस पायाशी गारठतोय, आणि आपण गंजक्या घागरीकडे बघावं तसे त्याच्याकडे बघतोय. आई गेली त्या दिवशीही आपण असेच उभे होतो. सगळे म्हणाले, केवढा धीराचा. आपल्यालाही ते खरं वाटलं होतं.

त्याला पहिल्यांदा भीती वाटली. पुसट, कुठून तरी लांबून आल्यासारखी, पण वाटली.

त्याने पाय मागे घेतला. अंगावरची एक घोंगडी काढून महाराजांवर घातली. डबीतली गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला.

तेवढ्यात झिपरू नैवेद्याचं दूध घेऊन चढण चढून आला. महाराजांनी पडल्यापडल्याच हात वर करून त्याला थांबवलं. झिपरू गडू धरून तिथेच उभा राहिला. त्या दिवशी दत्ताचा नैवेद्य उशिरा झाला, आणि त्या दिवसापासून रोजच उशिरा होऊ लागला.

महाराजांनी गुहेला पुन्हा कुलूप घातलं. त्या थंडीत आत कुणीच गेलं नाही.

मधूनमधून यशोधर गड उतरून पावराबाईंकडे रक्त देऊन यायचा. बाई आकडे बघून गोळी थोडी वाढवायच्या. गरमी सुरू होता होता घोंगड्या सुटल्या, आवाज मोकळा झाला, दोन्ही आकडे आपापल्या जागी आले.

आणि चैत्रातल्या एका दुपारी यशोधर महाराजांसमोर येऊन धपकन बसला. डोळे सुजलेले, श्वास लागलेला.

“महाराज, मी बुडालो.”

“काय झालं?”

“सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून झिपरूच्या अंगावर ओरडलो. त्या बिचाऱ्याला ऐकूही गेलं नाही, तरी ओरडत राहिलो. भूक तर अशी लागते की जपात भाकरी दिसते. आणि आत्ता उन्हात टाकायला गोधडी काढली. आईने शिवलेली. एका कोपऱ्यात तिचे टाके वाकडे गेलेत. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं तिला, तरी माझ्यासाठी शिवत बसली होती. ते टाके पाहिले आणि...”

त्याचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत रडला. तिच्या चितेजवळ जे रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या दुपारी रडला.

महाराजांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने यशोधरने तोंड पुसलं. मग खाली बघत, चाचरत म्हणाला,

“तेव्हाची ती शांती खोटी होती, कबूल. पण शांती तर होती. आकडे आता जागेवर आलेत. गोळीमुळेच आलेत, तेही कळतं मला. ती बंद केली की सगळं पूर्वीसारखं होईल... नुसतं थंड. काही टोचणार नाही. महाराज, तुम्ही परवानगी दिलीत तर...”

त्याने वर पाहिलं. डोळ्यांत खरोखरची याचना होती.

महाराज त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की यशोधरला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. चांगले ठणठणीत पडत होते ते.

मग महाराजांनी कमरेला हात घातला, गुहेची किल्ली काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

यशोधर दचकला. “आता? तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं, तेव्हा दिली नाहीत. आता तर राग आहे, भूक आहे, आई आहे... सगळंच परत आलंय, महाराज!”

“थंडी आली की तेच सगळं घेऊन आत जा,” महाराज म्हणाले. “गोळ्याही ने.”