मूठ टाकील त्याचं पान

“मग झाडं तोडू ना, बाबा?”

मोरेश्वर भुवड पुन्हा विचारत होता. अच्युतबाबा मठाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मोरेश्वर खाडीपलीकडून आला होता तो आशीर्वादाला. सल्ला त्याला नकोच होता. गडी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. त्याने एक विळी केली होती, ओट्याला अडकवायची. बायकांनी खाली बसायला नको, उभ्या उभ्या नारळ खोवायचा. नमुना पिशवीत होताच. आता तशा शंभर करायच्या, म्हणून लाकडासाठी परसातले दोन्ही फणस आडवे करायचे ठरले होते. बाजारात तुरी, त्यातली गत.

फणस आईने लावलेले. ती काही बोलली नव्हती. फक्त आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. करवतवाले उद्या सकाळी येणार होते.

“घेणार कोण?” बाबांनी विचारलं.

“अख्खं गाव. दारोदार फिरलोय मी. एकाने नावं ठेवली असतील तर शपथ.”

“काय म्हणाले?”

“छान आहे म्हणाले. झाली की सांग म्हणाले.”

“हं…”

बाबांनी अडकित्ता मिटला.

“आज रांधायचं तुझ्याकडे. अंगणात विचारून ये, कोण कोण जेवतंय ते.”

बाजाराचा दिवस होता. बाजार करून परतणारी माणसं पिशव्या टेकवून मठाच्या सावलीत विसावली होती. मोरेश्वरने विचारलं, आणि ज्याने त्याने मान डोलावली. “प्रसादाला नाही कोण म्हणेल?” “वाढा की, पाहुणे!” फुकट ते पौष्टिक, हे काय नव्याने सांगायला हवं?

मोरेश्वर खुशीत आत आला. त्याने मठातला सगळ्यात मोठा हंडा काढला, तो भरण्यासाठी विहिरीच्या खेपा घातल्या, चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. आधणाला उकळी फुटली.

“बाबा, तांदूळ कुठेत?”

“मठात तांदूळ नसतात.”

“मग?”

“मूठ टाकील त्याचं पान. इथली रीत आहे. ते सूप घे आणि फिर.”

मोरेश्वर सूप घेऊन अंगणात उतरला. तांदूळ जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत होते, आताच बाजारातून घेतलेले.

एकाला अचानक घरचे पाहुणे आठवले. दुसऱ्याचं पोट सकाळपासून जड होतं. “पुढच्या वेळी नक्की हां,” म्हणत तिसरा चपला शोधू लागला. मघाशी “वाढा की” म्हणणारा तर केव्हाच फाटकाबाहेर पडला होता. वाईट कुणीच बोललं नाही. उलट जाताना सगळे त्याच्याकडे पाहून हसले, अगदी प्रेमाने.

होडीवाल्या गफूरचाचांनी एक मूठ टाकली. मासे विकून आलेल्या सुंदराआजीने एक टाकली, आणि आणखी अर्धी.

मोरेश्वर चुलीपाशी परतला. आधी त्याला राग आला होता. आता नुसती लाज वाटत होती. एवढ्या मोठ्या हंड्यात हे तांदूळ दिसलेही नसते.

“बाबा, एवढं आधण…”

बाबांनी फळीवरचं लहान पातेलं काढलं, हंड्यातलं थोडं पाणी त्यात घेतलं आणि सुपातले तांदूळ धुऊन वैरले. हंडा बाजूला उतरवून ठेवला.

दोनच पानं मांडली. मोरेश्वरने वाढलं. गफूरचाचांनी मीठ मागून घेतलं. सुंदराआजीने आग्रह न करताही दुसऱ्यांदा भात घेतला, आणि निघताना आपणहून विचारलं, “पुन्हा कधी रांधणार, बाबा?”

माणसं गेली. बाबा पुन्हा पायरीवर येऊन बसले. मोरेश्वर खालच्या पायरीवर बसला.

“करवतवाल्यांना आजच्या आज सांगतो, येऊ नका,” तो म्हणाला. उपाशी बसलेली आई त्याच्या डोळ्यांपुढे आली.

“सांग.”

“पण बाबा… गाव माझ्याशी खोटं का बोललं?”

“खोटं कोण बोललं?” बाबा म्हणाले. “दारोदार फिरताना तू तांदूळ मागितलेस कुठे?”