तात्सुओचा शुपूरू

"गुरुजी, खोट कुठे आहे ते तरी सांगा."

तात्सुओने काठीने वर उताराकडे दाखवलं. स्कीवरून तो आत्ताच खाली आला होता. कोवळ्या बर्फावर त्याचा माग नागमोडी उमटला होता. एकेक वळण साच्यातून काढल्यासारखं.

अशा मागाला जपानी लोक शुपूरू म्हणतात. शब्द मूळ जर्मनांचा. स्कीबरोबर आला आणि डोंगरावरच राहिला.

कुरोमोरीच्या मठाची एक रीत होती. नवं बर्फ पडलं की एकाने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागावरून गावात उतरायचं. आजवर भिक्षू गेंकाई पुढे होत. आता ते थकले होते. तो मान तात्सुओला हवा होता. त्यासाठीच शहर सोडून तो इथे झिजत होता.

"खोट नाही," गेंकाई म्हणाले.

"मग उद्यापासून मी पुढे?"

गेंकाईंनी बाहीवरचं बर्फ झटकलं.

"मठात दुसरा आहे कोण? त्या कोसाकूला धड उभं राहता येत नाही."

"तो पडला की हसतो. तू?"

"मी पडत नाही."

गेंकाईंनी हनुवटीने घळीकडे खूण केली.

घळीतून एक रानशेळी वर येत होती. पोटापर्यंत बर्फात रुतलेली. मागे पिल्लू. त्याचं नुसतं डोकं दिसत होतं.

शेळी मागापाशी थांबली. हुंगलं. पाय ठेवला. दाबल्या बर्फाने तिला पेललं.

ती शुपूरूवरून चढू लागली. खुरांखाली पहिलं वळण मोडलं. मग दुसरं.

टाळी वाजवून तिला हुसकावायला तात्सुओने हात उचलले. गेंकाईंनी अडवलं नाही. ते फक्त त्याच्याकडे बघत राहिले.

पिल्लू मागावरून घसरलं आणि बर्फात गडप झालं... शेळी थबकली... दोन कान वर आले. मग पाय. पिल्लू पुन्हा मागावर उभं राहिलं.

तात्सुओचे हात हवेतच राहिले.

तो जिथे वळला होता तिथे ती दोघं वळत होती. वळत वळत वर गेली आणि झाडीत शिरली.



तात्सुओने टोपी काढली.

"गुरुजी... एक वळण धड राहिलं नाही."

गेंकाईंनी त्या तुडवलेल्या मागाला वाकून नमस्कार केला. मग बाजूला सरून तात्सुओला वाट दिली.

"मघाशी ती नुसती रेघ होती. चल, पुढे हो."