झिंगवेलीच्या घळीची वाट

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, म्हणजे तू माझ्यापेक्षा वेडा. बस इथं. आणि मधेमधे "असं कसं, तसं कसं" केलंस तर पुढचं सांगायची नाही.

एक मुलूख होता, तिथं नुसती शेरडं राहायची. राजा शेरडू, शिपाई शेरडू, न्हावीही शेरडूच, आणि त्याला जेवायला फुरसत नसायची, कारण तिथं बायकांनाही दाढ्या. तर त्या मुलखाला एकच घोर लागला होता. करडं बिघडत होती. डोंगराखालच्या एका घळीत झिंगवेल माजली होती, निळ्या फुलांची. ती खाल्ली की करडू खिदळायचं, मग पडून राहायचं, मग आईच्या दुधाला तोंड लावेनासं व्हायचं. बरगड्या वर यायच्या. काही तिथंच पडली, ती उठलीच नाहीत.

मग थोरामोठ्यांनी डोंगरमाथ्यावर काट्यांचं कुंपण घालून एक सुधारघर काढलं. कारभार दिला डफळ्या आबाला. हा म्हातारा बोकड तरुणपणी झिंगवेल खाऊन त्याच घळीत उताणा पडला होता आणि तरी जगला. म्हणून त्याच्याएवढा जाणता दुसरा नाही, असं ठरलं. आबाही तेच म्हणायचा. जरा जास्तच वेळा म्हणायचा.

सुधारघराची एक रीत होती. दिवस कलला की करडांनी गोल बसायचं आणि एकेकानं मधे उभं राहून सगळं ओकायचं. कुठून गेलास, काय खाल्लंस, कसं लागलं. "मोकळा हो, लेका, मोकळा हो!" आबा म्हणायचा. जो जास्त मोकळा होईल त्याला हिरवी डहाळी आणि लवकर सुटका. जो गप्प राहील त्याला वाळका पाला. काय म्हणावं या अकलेला! पण मी कोण विचारणारी?

तिथं पुतळी नावाच्या शेळीनं आपलं करडू आणून घातलं. त्याला अजून शिंगं फुटली नव्हती, म्हणून त्याचं नाव भुंड्या. त्यानं केलं काय होतं? सोबत्याच्या पाठीला चिकटलेलं एक निळं फूल चाटलं आणि थू करून टाकलं. पण जिभेवर डाग राहिला. तो शेजारणींनी पाहिला, आणि मग काय विचारता! पुतळीचा थोरला त्या घळीतच जिवानिशी गेला होता. ती इतकी भ्याली की भुंड्याचा कान दातात धरून त्याला थेट माथ्यावर घेऊन गेली.

भुंड्या गोलात उभा राहिला.

"मी चाटलं. कडू होतं."

"मग?" आबानं विचारलं.

"मग काही नाही."

"घळीत कसा गेलास?"

"गेलोच नाही."

करडं फिदीफिदी हसली. आबानं डोळे मिटून मान हलवली. "बघा. कबूलच करत नाही. आजार फार खोल गेलाय."

रोज हेच. भुंड्या वाळका पाला चघळायचा आणि दुसऱ्यांचं ऐकायचा. काजळ्या नावाचं एक करडू होतं, ते काय रंगवून सांगायचं! तुटक्या बुरुजापासून खाली उतरायचं. वाकड्या बोरीच्या डाव्या अंगानं जायचं. कोरडा ओढा लागतो, तो ओलांडला की वास यायला लागतो... करडांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आबाचीही हनुवटी हळूहळू हलायची, तोंडात काही नसताना.

मग उन्हं तापली. कळप खालच्या कुरणाला निघायची वेळ आली. मागं राहील त्याला लांडगे. पुतळी कुंपणाशी धापा टाकत आली.

"अरे, दोन-चार दिवसांत सगळे निघणार. तुला सोडत का नाहीत?"

"मी काही केलं नाही ना, म्हणून."

"म्हणजे?"

"केलेल्यांना सोडतात."

पुतळीनं कुंपणावर कपाळ आपटून घेतलं. "मग सांग की मेल्या काहीतरी! त्या काजळ्याचं ऐकतोस ना रोज? तेच सांग. दोन गोष्टी पदरच्या घाल. पण बाहेर ये."

"खोटं बोलू, आई?"

"खऱ्याला काय मिळतंय ते चघळतोयस ना?"

त्या सांजेला भुंड्या बोलला. बुरूज सांगितला, बोर सांगितली, ओढा सांगितला. चव मात्र त्याला ठाऊक नव्हती, ती त्यानं मनानंच बनवली. आधी कडू, मग जिभेच्या मुळाशी गोड, मग पोटात कोवळं ऊन पडल्यासारखं. आणि ज्यांची आठवण छळते ते सगळे तिथं बसलेले दिसतात, म्हणाला. माझा दादा दिसला, म्हणाला.

गोलात कुणी कान हलवला नाही. आबाच्या दाढीवरून टिपं गळली. "याला म्हणतात मोकळं होणं!"

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग थोरामोठ्यांना बोलावून त्यांच्यापुढं सांगायला लावलं. दर खेपेला ऊन जास्त कोवळं व्हायचं, दादा जास्त जवळ बसायचा. शेवटी भुंड्या बरा झाल्याची दवंडी पिटली आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. ती त्यानं तिथंच खाल्ली.

मायलेकरं डोंगर उतरायला लागली. खाली कळपाची धूळ अजून दिसत होती. पुतळी पुढं, आनंदानं बडबडत, "पाय उचल, आळशा, सांजेच्या आत गाठू त्यांना." तुटक्या बुरुजाशी ती उजवीकडे वळली. थोड्या वेळानं तिला आपलाच आवाज तेवढा ऐकू यायला लागला, तशी तिनं मागं पाहिलं.

भुंड्या डावीकडच्या उतारानं चालला होता.

"अरे, इकडं! भुंड्या!"

त्यानं कान मागं केला, पण मान वळवली नाही. वाकड्या बोरीच्या डाव्या अंगानं गेला. कोरडा ओढा न बघता टुणकन ओलांडला. नाक वर केलं. त्या वाटेला तो जन्मात पहिल्यांदा आला होता, पण त्याचं पाऊल कुठंच अडखळलं नाही.

ऊठ आता. माझ्या तोंडाकडे काय बघत बसलायस? जा.