पाठमोरी सगुणाई

तोंडाचा फोटो मिळायचा नाही. ही सगुणाई कड्याकडे तोंड करून बसलीय, गावाला तिची पाठच दिसते. आमच्या वाडवडिलांनी शिळा फिरवून बघितली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ, असं सांगतात. तुम्ही पाहुणे येता, हात जोडता, 'माउली' म्हणता. ही कुणाची माउली नाही. आधी ऐका.

सगुणा याच गावची लेक आणि याच गावची सून. नवरा रावबा घोंगड्या विणायचा. त्याला महारोग झाला. गावचा पाटील तेव्हा हैबती, सगुणेचा सख्खा भाऊ. चावडीवर ठरलं, रावबाला डोंगरावर हाकलायचं.

हैबती बहिणीला म्हणाला, "तू माझ्या घरी चल. त्याला जाऊ दे."

"हाकलायचं तर दोघांना हाकल."

त्यानं हाकललं. दोघं चढण चढत असताना लोकांनी मागून दगड मारले. पहिला दगड भावाचा होता, म्हणे.

इथं कपारीत ती दोघं राहिली. रावबाची बोटं झडली, मग डोळे गेले. सगुणा त्याला घास भरवायची, जखमा धुवायची. पण धुवायला पाणी कुठलं? गावच्या विहिरीवर तिला बंदी. म्हणून ती या कड्याच्या बुडाशी पहारीनं खणत राहिली. उन्हाळ्यात एके दुपारी 'पाणी, पाणी' करत रावबानं तिच्या मांडीवर जीव सोडला. ती रडली नाही. त्याचं डोकं खाली ठेवलं, पहार उचलली आणि पुन्हा खणायला लागली. त्या घावाला झरा फुटला, असं सांगतात. पहिल्या पाण्यानं तिनं त्याला अंघोळ घातली.

पुढं दुष्काळ पडला. गावच्या विहिरी आटल्या, झरा तेवढा वाहता. हैबती घागर घेऊन वर आला आणि तिच्या पायांवर पडला.

"सगुणे, चुकलो. क्षमा कर."

तिनं तोंड कड्याकडे फिरवलं. "पाणी डोंगराचं आहे, हवं तेवढं ने. क्षमा माझी आहे. माझ्या जिवाला विचारून बघितलं. तो नाही म्हणतो."

"जन्मभर?"

"मेल्यावरही."

त्यानंतर गावातल्या कुणाला तिचं तोंड दिसलं नाही. गाव पाणी नेत राहिलं, तिनं कधी अडवलं नाही, आणि वळूनही बघितलं नाही. तशीच बसल्या जागी गेली. हैबतीनं खांदा द्यायला माणसं आणली, तर तिरडी जागची हलेना, म्हणे. शेवटी वरच्या धनगरवाड्यातली परकी माणसं आली, तेव्हा ती फुलासारखी उचलली गेली.

आजही या गावात कुणाला कसलाही रोग होवो, त्याला घराबाहेर काढत नाहीत. पाहुणे म्हणतात, काय दयाळू गाव! दया कसली? सगळे तिला भितात. पण भीतीनं का होईना, आमच्याकडे माणूस आपल्याच अंथरुणावर मरतो, आणि त्याच्या उशाशी कुणीतरी बसलेलं असतं.